थांबलेला काटा : गॅस्ट्रिक बायपासनंतरचं माझं वर्ष

गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन आणि शुगर कमी व्हावी म्हणून पोटावर करतात ते ऑपरेशन, होऊन परवाच्या २१ तारखेला वर्ष झालं. आज रविवार, माझा वजन करायचा दिवस. सकाळी काट्यावर आकडा आला ८२.३ किलो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पहिल्यांदा सर्जनकडे गेले तेव्हा तो १११ होता. दवाखान्यात माझ्याच मजल्यावर, माझ्याच दिवशी ऑपरेशन झालेल्या एका ताईंचं याच काळात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त उतरलं. मधले चार-पाच महिने मी हा फरक उराशी घेऊन झोपत होते. त्या दिवसांत 'माझंही असंच झालं होतं' एवढं सांगणारं कुणी भेटलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे सगळं तपशिलानं लिहितेय.

मी लातूरची. वय ४६, एका महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिक. आमचे हे आडत दुकानात मुनीम आहेत. घरी सासूबाई, मुलगी बारावीला. बारा वर्षांपासून शुगर, त्यातली शेवटची पाच वर्षं इन्सुलिनवर, शिवाय थायरॉइडची गोळी. २०२४ च्या मार्चमध्ये दिवसाला ४४ युनिट इन्सुलिन घेऊनही तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, ९.६ आली. इथल्या फिजिशियननीच बायपासचा विषय काढला. त्यांचं म्हणणं होतं की हे ऑपरेशन वजनापेक्षा शुगरसाठी करा. हे वाक्य मी पुढे विसरले आणि त्याचा मला बराच त्रास झाला.

६ एप्रिलला, शनिवारी, पुण्यात पहिली भेट. रात्रीच्या रेल्वेने गेलो, पहाटे उतरलो. उंची १५८ सेंटिमीटर, वजन १११, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ४४.५. पुढच्या चार महिन्यांत तपासण्यांचा ढीग झाला : एंडोस्कोपी, पोटाची सोनोग्राफी, हृदयाची टूडी एको, रात्रभर झोपेची तपासणी, मानसोपचारतज्ज्ञांची भेट, आहारतज्ज्ञांच्या तीन भेटी. या सगळ्याला ३१ हजार लागले, प्रवास वेगळा. बऱ्याच रक्ततपासण्या लातुरात करून घेता येतात, फक्त पुण्याच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या. माझ्या दोन चकरा त्यामुळे वाचल्या.

विम्याचं थोडक्यात सांगते. माझी पॉलिसी २०१९ ची, पाच लाखांची. कॅशलेसचा अर्ज पहिल्यांदा फेटाळला गेला, 'वजन कमी करण्याचे उपचार समाविष्ट नाहीत' असं एका ओळीचं उत्तर आलं. पॉलिसीच्या कागदात शोधल्यावर अट सापडली. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआय या संस्थेने ठरवून दिलेल्या मजकुरात हे उपचार वगळलेले आहेत हे खरं, पण त्यालाच जोडून अपवाद आहे : वय १८ किंवा त्याहून जास्त, डॉक्टरांचा सल्ला, वैद्यकीय निकषांचा आधार, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, किंवा ३५ वा त्याहून जास्त असून अनियंत्रित शुगर, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं) असे आजार आणि आधीचे साधे उपाय फसलेले. ती अट अधोरेखित करून, सर्जनचं पत्र, फिजिशियनचं पत्र आणि आहारतज्ज्ञांच्या जुन्या चिठ्ठ्या जोडून तक्रार विभागाला पाठवलं. नऊ दिवसांनी मंजुरी आली. बिल ३,९२,००० झालं, विम्याने ३,१०,००० दिले, बाकीचे आम्ही भरले. आहारतज्ज्ञांच्या जुन्या चिठ्ठ्या टाकून देऊ नका. माझ्याकडे २०२१ पासूनच्या होत्या, पीठ चाळायच्या चाळणीच्या डब्यात ठेवलेल्या.

ऑपरेशनआधी दोन आठवडे फक्त पातळ आहार होता, यकृत आक्रसावं म्हणून. त्यात चार किलो गेले. २१ ऑगस्टला, बुधवारी, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. जठराचा वरचा जेमतेम ३० मिलीचा भाग वेगळा करून त्याला लहान आतडं जोडतात. त्याच संध्याकाळी सिस्टरांनी उठवून चालवलं. तिसऱ्या दिवशी इन्सुलिन बंद झालं. पाच वर्षं रोज टोचलेली सुई बंद झाली आणि मी मात्र वजनकाट्याकडे बघत होते.

शनिवारी सुट्टी मिळाली. पायात गुठळी होऊ नये म्हणून गाडी अधूनमधून थांबवून चालायला सांगितलं होतं. इंदापूर, टेंभुर्णी, बार्शी, येडशी, प्रत्येक ठिकाणी उतरून मी रस्त्याच्या कडेने दहा मिनिटं चालले. पोटावर उशी धरून बसा, खड्ड्यांत खूप बरं पडतं.

घराबाहेर आम्ही सगळ्यांना पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. 'बायपास' म्हटलं की लोकांना हृदयच आठवतं, आणि खरं सांगावं तर 'पोट कमी करायला चार लाख घातले' हे ऐकायची माझी तयारी नव्हती. पुढे हे लपवणं फार जड गेलं.

पहिल्या दोन आठवड्यांत साडेपाच किलो उतरले. ४ सप्टेंबरला १०१.५. त्यानंतर काटा थांबला. दिवसाला सहा-सातशे कॅलरीही पोटात जात नव्हत्या, वरणाचं पाणी, ताक आणि मिक्सरमधून काढलेली मूगडाळ, आणि काटा मात्र रोज सकाळी १०१.५. ११ तारखेला आमच्याकडे महालक्ष्म्यांचं पूजन होतं. मी पुरण वाटलं, सोळा भाज्या निवडल्या, पंगत वाढली, स्वतः वाटीभर पातळ वरण घोट घोट घेतलं. रात्री उष्टी काढताना रडू आलं. भूक नव्हतीच. एवढं सगळं सोडूनही अंगावरचं काही जाईना, याचं ते रडू होतं.

काटा थांबलाय हे यांना सांगितलं तर ते म्हणाले, "नवीन सोयाबीन वाळायला टाकलं की पहिल्या दोन दिवसांत काटा कसा झपाझप उतरतो? ती हवा असते. एकदा हवा गेली की दाणा राहतो, मग पोतं रोज जोखलं तरी आकडा हलत नाही." आमच्या बाजारात सोयाबीनमधल्या ओलीला 'हवा'च म्हणतात. पुण्याच्या आहारतज्ज्ञांना फोन केला तर त्यांनी सांगितलेलं कारण याच्या फार जवळचं निघालं. सुरुवातीला शरीर साठवलेली साखर, ग्लायकोजेन, वापरतं आणि त्याच्याबरोबर बरंच पाणी निघून जातं. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास शरीर ते पाणी पुन्हा धरू लागतं, तेव्हा चरबी जळत असली तरी काटा थांबतो. बहुतेकांना हा थांबा येतोच, एक ते तीन आठवडे. माझा सोळा दिवस चालला. त्या फोननंतर मी रोज वजन करणं बंद केलं. रविवारी सकाळी, एकदाच, आणि महिन्यातून एकदा शिंप्याच्या फितीने कंबर, दंड, मांडी मोजून वहीत लिहायची.

पाण्याचंही एक सांगायला हवं. गटागट पिता येत नाही, जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, तरी दिवसभरात दीड-दोन लिटर झालं पाहिजे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा आम्ही घरात तांब्यावर तांब्या मोजून पाणी वापरलंय. त्या सवयीने आता घोट मोजायला लागले. कार्यालयात टेबलावर अर्ध्या लिटरची बाटली ठेवायची, दुपारच्या सुट्टीपर्यंत दोनदा भरायची.

ऑक्टोबरला ९८, नोव्हेंबरच्या २१ ला ९५. महिन्याला तीन किलो. त्या ताईंचा फोन यायचा, "माझे वीस झाले, तुमचे?" त्या प्रेमानेच विचारायच्या. मी बारा म्हणायची आणि फोन ठेवल्यावर दिवसभर मन लागायचं नाही. डिसेंबरपासून केस जायला लागले. न्हाणीत जाळीवर गुंतवळ साचायचं, वेणी करंगळीएवढी झाली. शरीराला मोठा धक्का बसल्यावर तीन-चार महिन्यांनी केस गळतात आणि पुढे परत येतात, हे आधीच सांगितलं होतं म्हणून निभावलं.

३० डिसेंबरला वेळ अमावस्या, आमच्याकडे शेतात जाऊन साजरा करतात तो सण. मुरुडजवळच्या शेतात सगळी भावकी जमली होती. कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत पाच पांडव म्हणून पुजलेले चुना लावलेले दगड, भज्जी, बाजरीचे उंडे, माठात आंबील, गव्हाची खीर. मी चार चमचे भज्जी सावकाश चावून खाल्ली. भज्जीत हरभरा, तूर, वाटाणा असतो, ती मला मानवते. पण चुलत सासूबाई वाटी घेऊन समोरच बसल्या. "पित्ताचं आपरेशन होऊन चार म्हैने झाले की. अजून काय खाईना गेलीस? खीर तरी खा माय." नाही म्हणता आलं नाही. गुळाची खीर, तीन चमचे.

पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली. कपाळावर, मानेवर घामाचे ओघळ, पोटात मुरडा, डोळ्यांपुढे अंधारी. कोपीच्या आत चटईवर आडवी झाले. कडब्याच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा हातावर पडत होत्या, तेवढं आठवतं. याला डंपिंग म्हणतात. गोड पदार्थ जठरात न थांबता थेट आतड्यात उतरतो आणि शरीर असं उलटतं. अर्ध्या-पाऊण तासात ओसरतं, आडवं पडून राहायचं. पण बाहेर सगळे घाबरले होते, कुणी गाडी काढायला निघालं होतं. शेवटी मी चुलत सासूबाईंना खरं काय ते सांगितलं. त्या माझ्या हाताला धरून बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आधी सांगायचं न्हाई का? मी कशाला बळंच घातली असती?" संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीला कळलं. कुणी काही बोलल्याचं माझ्या कानावर आलं नाही. चार महिने ज्या बोलण्याला भीत होते, ते कुणी बोललंच नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून काटा पुन्हा थांबला होता. ९२.५ वर, पाच आठवडे. या वेळी पाण्याचं कारण पुरेना. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १३ जानेवारीला, लातूरच्या गंजगोलाई बाजारात बांगड्या भरायला गेले. नेहमीप्रमाणे 'दोन दहा' मापाच्या मागितल्या. कासारीणबाईंनी माझा हात हातात घेतला, अंगठ्याजवळचा सांधा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, दोन दहा निघून पडतील. दोन आठ बघू." दोन आठची हिरवी बांगडी सांध्यावरून सरकली आणि मनगटावर बसली. लग्नात मला दोन आठ होत्या. घरी येऊन वही काढली. ज्या पाच आठवड्यांत वजन हललं नव्हतं, त्यात कंबर तीन सेंटिमीटर कमी झाली होती, दंड दीड.

तरीही हळू उतरतंय हे खरं होतं, आणि त्याचं कारण शोधायला हवं होतं. २२ फेब्रुवारीला, शनिवारी, सहा महिन्यांच्या तपासणीला पुण्याला गेलो. वजन ९१.५. मी डॉक्टरांसमोर बसले आणि एकदम म्हणाले, "माझंच काहीतरी चुकतंय." त्यांनी पेन घेतला. २५ बीएमआय धरला तर तुमच्या उंचीला ६२.४ किलो. म्हणजे सुरुवातीला जास्तीचं ४८.६. त्यातलं १९.५ गेलं, चाळीस टक्के, सहा महिन्यांत. जास्तीच्या वजनापैकी निम्मं गेलं की ऑपरेशन यशस्वी मानायची पद्धत आहे, आणि त्यासाठी वर्ष-दीड वर्ष धरतात. मग त्यांनी दुसरा कागद समोर ठेवला. एचबीए१सी ६.३, इन्सुलिनशिवाय. म्हणाले, "तुम्ही कशासाठी आला होतात?"

पण त्यांनी मला एवढ्यावर घरी पाठवलं नाही, आणि त्यासाठी मी त्यांची फार आभारी आहे. जुनी शुगर, इन्सुलिनची सवय झालेलं शरीर, वय, कमी स्नायू, यांत वजन मुळातच सावकाश उतरतं, हे त्यांनी सांगितलं. मग एकेक औषध, एकेक जेवण विचारलं. त्यात तीन गोष्टी निघाल्या.

पहिली थायरॉइडची. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा, ११.८ आला होता, ऑपरेशनआधी तो ३ च्या आसपास होता. गोळी तर मी एक दिवस चुकवली नव्हती. "कॅल्शियम कधी घेता?" सकाळी, थायरॉइडच्या गोळीबरोबरच, विसरायला नको म्हणून. लोहाची गोळीही तेव्हाच. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडची गोळी शोषू देत नाहीत, मध्ये चार तास हवेत. सहा महिने मी गोळी गिळत होते आणि ती अंगी लागत नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणणार नाही, सुट्टीच्या कागदावर बारीक अक्षरात होतं. आता पहाटे साडेपाचला थायरॉइड, दहाला कॅल्शियम सायट्रेट, दुपारी चारला लिंबाच्या पाण्याबरोबर लोह, रात्री पुन्हा कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियममध्येही दोन तास ठेवायचे. मोबाइलवर चार गजर लावलेत. कॅल्शियम सायट्रेट आमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये नसायचं, दोन महिन्यांचं एकदम सांगून ठेवते.

दुसरी, पायाच्या मुंग्यांसाठी चालू असलेली प्रीगाबालिन. तिने वजन वाढू शकतं. फिजिशियनशी बोलून ती हळूहळू बंद केली. असली गोळी मनाने एकदम बंद करू नका. अंगदुखीच्या गोळ्यांचंही याच निमित्ताने सांगते, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बायपासनंतर घ्यायच्या नसतात, जोडलेल्या जागी अल्सर होतो. मी मेडिकलवाल्याला नावानिशी सांगून ठेवलंय.

तिसरी गोष्ट जेवणाची, आणि ही कबूल करताना मला जड गेलं. आठवडाभराचं खाणं लिहून काढलं तर प्रोटीन दिवसाला ३५ ग्रॅम, हवं ६० ते ७०. घरात अंडंही चालत नाही. भाकरीचे चार घास खाल्ले की पोट भरायचं, वरण राहून जायचं. आणि संध्याकाळी चहात बुडवलेली दोन बिस्किटं, मूठभर चिवडा. हे पदार्थ छोट्या पोटात थांबत नाहीत, सरकून जातात, म्हणून भरल्यासारखं वाटत नाही आणि दिवसभर थोडं थोडं चालू राहतं. आता ताटात आधी प्रोटीन संपवायचं, भाकरी शेवटी, राहिली तर राहिली. सकाळी मूगडाळीचं धिरडं पनीर घालून, दुपारी घट्ट वरणात सोया चंक्सची पूड, पंचवीस ग्रॅममध्ये तेरा ग्रॅम प्रोटीन मिळतं. चारला फुटाणे, चांगले चावून. रात्री टांगलेलं दही. चहाबरोबर काही नाही. सोयाची पूड सासूबाई स्वतः मिक्सरला लावून ठेवतात, डब्यावर त्यांनी खडूने खूण केली आहे म्हणजे ती बेसनात मिसळायची नाही.

चालणं आधीही होतं. आता आठवड्यातून तीनदा मुलगी माझ्याकडून खुर्चीवरून उठणं-बसणं आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं करून घेते. स्नायूंसाठी.

मार्चमध्ये ८९.८, एप्रिलमध्ये ८७.९. एप्रिलअखेर टीएसएच ३.४ आला. जूनमध्ये परत तीन आठवडे थांबलं, तेव्हा मी फक्त वहीत मोजमाप लिहिलं. रक्ताच्या सगळ्या तपासण्या, बी१२, डी, फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह), कॅल्शियम, दर सहा महिन्यांनी लातुरातच करते, साधारण चार हजार लागतात. बी१२ चं इंजेक्शन आणि बाकीच्या गोळ्या जन्मभर आहेत, ऑपरेशन ठरवतानाच हा खर्च धरा. आधी इन्सुलिन आणि सुयांवर जात होते त्यापेक्षा सध्या माझे महिन्याला आठशे रुपये कमी जातात.

त्या ताईंशी अजून बोलते. मागच्या महिन्यात त्यांचं लोह फार कमी निघालं, सलाइनमधून द्यावं लागलं. त्यांनीच विचारलं, तुमच्या गोळ्यांच्या वेळा पाठवता का. मी वहीच्या पानाचा फोटो पाठवला.

पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे. त्याआधी डिसेंबरमध्ये वेळ अमावस्या येईल. चुलत सासूबाईंनी आत्तापासून निरोप धाडलाय, माझ्यासाठी भज्जीत वाटाणा जास्त टाकणार आहेत आणि खीर माझ्या समोर कुणी आणायची नाही.